तर्री, पन्नी आणि ४५ अंशांचा उन्हाळा

ठेल्यावरच्या गंजात तर्री रटरटत असते. पळी भरून ती पातळ पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत, ओतली जाते, तोंडाला पीळ, वर गाठ, आणि पार्सल स्कूटरच्या हुकाला लटकतं. घरी पोहोचेपर्यंत दहा मिनिटं, कधी वीस. नागपुरात रोज सकाळी घडणारी ही इतकी साधी गोष्ट आहे की तिच्याकडे कुणी बघतही नाही. प्लास्टिकचे सूक्ष्म कण आणि सस्तन प्राण्यांचं आरोग्य या विषयावर मला जे म्हणायचं आहे, ते जवळपास सगळं त्या पन्नीत आहे: उष्णता, तेल, घर्षण आणि वेळ.

पन्नी असते पॉलिथिलीनची. पातळ पिशव्यांमध्ये वापरलं जाणारं कमी घनतेचं पॉलिथिलीन १०५ ते ११५ अंशांना वितळतं, पण त्याच्या बरंच आधी, नव्वदीच्या आसपास, ते मऊ पडतं. उकळती तर्री नेमकी त्याच टापूत असते. मऊ पडलेल्या पृष्ठभागावरून कण सुटतात. शिवाय प्लास्टिक लवचिक राहावं, एकमेकांना चिकटू नये, उन्हात लवकर कुजू नये म्हणून त्यात जी रसायनं घातलेली असतात, त्यातली बरीचशी पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतात. म्हणजे साध्या वरणापेक्षा तवंगाची तर्री जास्त ओढून घेते, आणि सावजी रस्सा त्याहून जास्त. रंगीत किंवा काळ्या पन्नीचा तर विचारच नको. ती बहुतेक वेळा पुन्हा वितळवलेल्या प्लास्टिकची असते आणि त्या प्लास्टिकमध्ये आधी काय भरलं होतं हे कुणालाच माहीत नसतं.

कागदी कपाचंही असंच आहे. पुष्कळ लोक प्लास्टिक टाळायचं म्हणून कागदी कप घेतात. पण कागद पाण्याला टिकत नाही, म्हणून त्याला आतून पॉलिथिलीनचाच पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० च्या सुमारास हे मोजलं. अशा कपात ८५ ते ९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं ठेवलं, तर त्यात मायक्रॉन आकाराचे सुमारे २५,००० कण उतरले. टपरीवर गप्पा मारत चहा निवेपर्यंत हातात धरणाऱ्याने हा १५ मिनिटांचा आकडा लक्षात ठेवावा.

मात्र असे आकडे वाचताना एक सवय लावून घ्यायला हवी. कण किती, हे विचारण्याआधी कण केवढा, हे विचारायचं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान ते मायक्रोप्लास्टिक, आणि एक मायक्रॉनच्या खाली गेलं की नॅनोप्लास्टिक. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपली तांबडी रक्तपेशी ७-८ मायक्रॉनची असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पिण्याच्या पाण्यावर जो अहवाल काढला, त्यात १५० मायक्रॉनहून मोठे कण आतड्यातून शरीरात शिरण्याची शक्यता फारच कमी असल्याचं म्हटलं आहे. ते शौचावाटे निघून जातात. मिठात डोळ्यांनी दिसणारा निळा धागा सापडला तर किळस येईल, पण काळजी त्याची कमी आणि न दिसणाऱ्याची जास्त करायची.

व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठात २०२३ साली झालेला एक प्रयोग ही गोष्ट फार स्वच्छपणे दाखवतो. उंदरांना तोंडावाटे पॉलिस्टायरीनचे, म्हणजे थर्माकोल ज्याचा बनतो त्या प्लास्टिकचे, तीन आकारांचे कण दिले: साडेनऊ मायक्रॉनचे, एक मायक्रॉनच्या किंचित वरचे आणि ०.२९३ मायक्रॉनचे. दोन तासांत फक्त सगळ्यात लहान कण मेंदूत सापडले. प्लास्टिक तेच, वाट तीच, प्राणी तोच. फरक आकाराचा.

आतड्याच्या भिंतीतून हे कण आत कसे जातात, हेही आता बरंचसं कळलं आहे. लहान आतड्यात पायरचे चट्टे म्हणून लसिकापेशींचे पुंजके असतात. त्यांच्यावरच्या एम पेशींचं कामच मुळी आतड्यातली बाहेरची वस्तू उचलून आतल्या रोगप्रतिकार पेशींना दाखवणं हे आहे. जंतूंसाठी उघडलेल्या या दारातून प्लास्टिकही शिरतं. शिरताना ते नुसतं राहत नाही. रक्तातली, आतड्यातली प्रथिनं त्याच्यावर चिकटून एक आवरण तयार होतं, आणि पेशी कणाला ओळखतात ती त्या आवरणावरून. महाभक्षक पेशी त्याला गिळते आणि आपल्या पचनकोशात, लायसोसोममध्ये, टाकते. तिथली विकरं जंतू फोडू शकतात, पॉलिथिलीन फोडू शकत नाहीत. पेशी प्रयत्न करत राहते, ऑक्सिजनची आक्रमक संयुगं सोडत राहते, आसपास दाह धुमसत राहतो. रोग झाला असं म्हणण्याइतका तो मोठा नसतो, पण विझतही नाही.

उंदरांवरच्या एका २०१९ च्या अभ्यासात त्यांना सहा आठवडे पाण्यातून पाच मायक्रॉनचे पॉलिस्टायरीनचे कण दिले होते. आतड्यातला चिकट संरक्षक थर, म्हणजे श्लेष्मा, कमी झाला आणि तिथल्या जिवाणूंची घडी बिघडली. ऱ्होड आयलंड विद्यापीठात २०२३ साली उंदरांना तीन आठवडे असंच पाणी दिलं, तेव्हा त्यांच्या वागण्यात बदल दिसले आणि म्हाताऱ्या उंदरांत ते ठळक होते. गाभण उंदीर-माद्यांवरचा २०२० चा प्रयोग मला सगळ्यात अस्वस्थ करतो. माद्यांच्या श्वासनलिकेत २० नॅनोमीटरचे कण सोडले. चोवीस तासांत ते वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, होते आणि गर्भाच्या यकृतात, फुप्फुसांत, हृदयात, मूत्रपिंडांत आणि मेंदूतही होते. आईच्या श्वासातून बाळाच्या मेंदूपर्यंत, एका दिवसात.

पण या प्रयोगांना एक मोठी मर्यादा आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. प्रयोगशाळेत वापरतात ते कण विकत मिळतात: गोल, गुळगुळीत, एकाच मापाचे, बहुधा पॉलिस्टायरीनचे. आपल्या पोटात जातात ते तुटके, टोकदार, उन्हाने करपलेले, दहा प्रकारच्या प्लास्टिकचे. विकतच्या कणांच्या द्रावणात ते टिकावं म्हणून सोडियम अझाइडसारखं जंतुनाशक किंवा साबणासारखं द्रव्य असू शकतं. ते आधी धुऊन काढलं नाही तर पेशी मरतात त्या अझाइडने, आणि दोष जातो प्लास्टिकवर. चमकणारा रंग लावलेले कण वापरले तर तो रंग सुटून चरबीत पसरतो आणि कण नसलेल्या अवयवातही चमक दिसते. अशा चुका छापून आलेल्या संशोधनातही झाल्या आहेत. म्हणून उंदरांवरचा कुठलाही अभ्यास वाचताना मी तीन गोष्टी शोधतो: कण धुतले होते का, नुसतं द्रावण दिलेला तुलनेचा गट होता का, आणि दिलेली मात्रा खऱ्या आयुष्यातल्या मात्रेच्या किती पट होती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा हजारो पट असं निघतं.

माणसांबाबतचे आकडेही असेच चाळून घ्यावे लागतात. आपण आठवड्याला एटीएम कार्डाएवढं, म्हणजे पाच ग्रॅम प्लास्टिक खातो, हे वाक्य फोनवर प्रत्येकाने वाचलं असेल. ते चुकीचं आहे. २०२१ साली अधिक काळजीने केलेल्या गणितात प्रौढ माणसाचा मध्यम आकडा आठवड्याला सुमारे चार मायक्रोग्रॅम निघाला. दहा लाख पटींहून जास्त फरक. त्या गणितात सगळे अन्नपदार्थ धरलेले नव्हते आणि अतिसूक्ष्म कण मोजणं तेव्हा शक्य नव्हतं, पण कार्डाएवढं प्लास्टिक हे काही खरं नाही. भीती घालून लोकांना जागं करता येतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी माझं पटत नाही. घाबरलेला माणूस आठ दिवस स्टीलची बाटली वापरतो आणि नंतर सगळंच सोडून देतो.

जे खरं आहे तेही पुरेसं गंभीर आहे. २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ निरोगी रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडलं, सरासरी मिलिलिटरला १.६ मायक्रोग्रॅम. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेतल्या कॅरोटिड धमनीतून शस्त्रक्रियेने काढलेल्या चरबीच्या थरांची तपासणी प्रसिद्ध केली. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन होतं. पुढच्या जवळपास ३४ महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी ज्यांच्यावर ओढवलं, ते प्लास्टिक सापडलेल्यांत २० टक्के होते, न सापडलेल्यांत साडेसात. वय, मधुमेह वगैरेंचा हिशेब केल्यावर धोका साडेचार पट भरला. यावरून प्लास्टिकनेच झटका आला असं सिद्ध होत नाही. ज्याचं राहणीमान एकूणच धोक्याचं, त्याच्या शरीरात प्लास्टिकही जास्त, असंही असू शकतं. तरीही माणसांवरच्या सगळ्या अभ्यासांत मी सर्वांत जास्त वजन यालाच देईन, कारण इथे कण नुसते मोजलेले नाहीत, त्या माणसांचं पुढे काय झालं तेही पाहिलं आहे.

मेंदूवरच्या २०२५ च्या अभ्यासाची बातमी जास्त गाजली, पण माझ्या मते ती थोडी हात राखून घ्यावी. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या चमूने २०१६ आणि २०२४ मध्ये मरण पावलेल्यांच्या मेंदूची तुलना केली आणि प्लास्टिक सुमारे ५० टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. यात नमुना तापवून त्याची वाफ तपासतात. अडचण अशी की मेंदूत चरबी भरपूर असते, आणि चरबी तापवली की पॉलिथिलीनसारखेच काही तुकडे निघतात. चरबी आधी पूर्ण काढली नसेल तर आकडा फुगतो. वाढ खरी असू शकेल, पण नेमक्या आकड्यावर मी पैज लावणार नाही.

हे मोजण्याचं काम किती अवघड आहे याची कल्पना नसल्यामुळेच बातम्यांतले आकडे इतके हेलकावे खातात. ऊती असेल तर ती पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात विरघळवतात, माती किंवा गाळ असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड. मग मिठाच्या संपृक्त पाण्यात तरंगवतात. त्याची घनता १.२. पॉलिथिलीन ०.९ च्या आसपास, म्हणून वर येतं. बाटलीचं पीईटी १.३८, ते खालीच बसतं. ते हवं असेल तर झिंक क्लोराइडचं जड द्रावण लागतं. म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्यावर ज्यांनी काम भागवलं, त्यांना पीईटी आणि पीव्हीसी दिसणारच नाही. पुढे अवरक्त किरणांनी दहा-वीस मायक्रॉनपर्यंतचे कण ओळखता येतात, लेझर वापरणाऱ्या रामन पद्धतीने साधारण एक मायक्रॉनपर्यंतचे. त्याखालचं बहुतेक पद्धतींना दिसतच नाही. आणि या सगळ्यात खोलीतली धूळ, अंगावरचा टेरिकॉटचा शर्ट, हातमोज्यांवरची पावडर यांतून कण पडतच असतात. म्हणून सुती कपडे, काचेची भांडी, गाळलेली द्रावणं, आणि प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना, ज्यात काहीच घातलेलं नाही पण बाकी सगळं तसंच केलं आहे. कोऱ्या नमुन्यात किती कण आले हे जो अहवाल सांगत नाही, तो बाजूला ठेवावा.

आता आपल्या उन्हाळ्याकडे येऊ. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं ते सावलीतलं तापमान. छतावरच्या काळ्या टाकीचा वरचा भाग, उघड्या टेम्पोत दुपारभर फिरणारे वीस लिटरचे पाण्याचे कॅन, बंद गाडीत सीटवर राहिलेली बाटली, या सगळ्यांचं तापमान त्याहून पुष्कळ वर असतं. प्लास्टिकचं वय वर्षांपेक्षा ऊन आणि उष्णता यांवर ठरतं. अतिनील किरणांनी त्याच्या लांबच लांब साखळ्या तुटतात, पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्याला केसाएवढ्या भेगा पडतात आणि तिथून भुकटी सुटू लागते. थंड हवेच्या गावात पंधरा वर्षं टिकणारी वस्तू इथे निम्म्यात म्हातारी होते.

टाकीची परीक्षा सोपी आहे. ओला काळा सुती कपडा घेऊन टाकीच्या बाहेरच्या उन्हाच्या बाजूवर घासायचा. पांढुरकी किंवा रंगीत भुकटी आली, तर संरक्षक द्रव्य संपत आलं आहे. मग झाकण काढून आतल्या बाजूवर, पाण्याच्या पातळीच्या वर, तसंच घासून पाहायचं. तिथेही भुकटी आली तर टाकी बदलायची वेळ झाली. काळा रंग उगाच नसतो. त्यातला कार्बन किरणं शोषून प्लास्टिकला वाचवतो, पण त्याच रंगाने टाकी तापते. म्हणून टाकीवर सावली हवी: पत्र्याची शेड, बांबूची चटई, नाहीतर हिरव्या जाळीखालचा वेल. हिरवी जाळीही प्लास्टिकचीच असते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत झडायला लागते, तिचे तुकडे टाकीत पडू देऊ नयेत. टाकी धुताना तारेचा ब्रश किंवा कडक खराटा वापरायचा नाही. प्रत्येक ओरखड्यातून कण निघतात आणि ओरखड्यात शेवाळ जास्त धरतं. मऊ कपडा, पाणी, आणि धुतल्यावर पहिलं पाणी पूर्ण सोडून द्यायचं.

कॅनच्या बुडावर त्रिकोणात आकडा असतो. १ असेल तर पीईटी. ७ असून कॅन कडक, निळसर, पारदर्शक असेल तर बहुधा पॉलिकार्बोनेट, ज्यातून बिस्फेनॉल ए सुटतं. हे द्रव्य शरीरात इस्ट्रोजेनसारखं वागतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली त्याची सुरक्षित मात्रा आधीच्या वीस हजाराव्या भागावर आणली आणि २०२४ च्या डिसेंबरात युरोपने अन्नाच्या संपर्कातल्या वस्तूंत त्यावर बंदी घातली. कॅन जितका घासलेला, पांढुरका, ओरखडलेला, तितका तो लवकर परत पाठवायचा.

बाटलीबंद पाण्याबाबत कोलंबिया विद्यापीठाने जानेवारी २०२४ मध्ये जे मोजलं, त्यात लिटरला सरासरी दोन लाख चाळीस हजार कण निघाले, त्यातले ९० टक्के नॅनो आकाराचे. त्यात एक चकवा होता. सगळ्यात जास्त सापडणाऱ्या प्लास्टिकपैकी एक होतं नायलॉनच्या जातीचं पॉलिअमाइड, आणि ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या पडद्यातूनच आलं होतं. घरच्या आरओबाबत यातून एवढंच घ्यायचं की पडदा वेळेवर बदलायचा, नवा पडदा बसवल्यावर सुरुवातीचं पाणी टाकून द्यायचं, आणि आरओच्या प्लास्टिकच्या टाकीत दिवसभर पाणी साठवण्यापेक्षा ते माठात किंवा तांब्या-पितळेच्या कळशीत काढून ठेवायचं.

ज्यांच्याकडे बोअरचं जड पाणी आहे, त्यांच्यासाठी एक चांगली बातमी आहे. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४ साली दाखवलं की जड पाणी उकळलं की कॅल्शियम कार्बोनेटचा जो साका तयार होतो, तो प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांना आपल्यात गुरफटून घेतो. लिटरला ३०० मिलिग्रॅम जडपणा असेल तर सुमारे ९० टक्के कण अडकले, मऊ पाण्यात २५ टक्क्यांच्या आसपास. स्टीलच्या भांड्यात पाच मिनिटं खळखळून उकळायचं, हलवायचं नाही, पूर्ण निवू द्यायचं, आणि वरचं पाणी चौपदरी सुती कापडातून हलकेच ओतून घ्यायचं. तळाचं बोटभर पाणी टाकून द्यायचं. इथे लोक चूक करतात: गरम असतानाच ओततात, साका ढवळला जातो आणि सगळं परत पाण्यात येतं. गाळायला नायलॉनची चहाची गाळणी वापरली तर केलेलं सगळं वाया. आरओच्या पाण्यात मात्र ही युक्ती चालत नाही, कारण त्यात साका धरायला कॅल्शियमच उरलेलं नसतं.

तान्ह्या बाळांचा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवतो. २०२० साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने पॉलिप्रोपिलीनच्या दुधाच्या बाटल्या तपासल्या. गरम पाणी घालून हलवल्यावर लिटरमागे १.६ कोटीपर्यंत कण सुटले, आणि पाणी जितकं गरम तितके जास्त. बाटली उकळून निर्जंतुक करणं तर सोडता येत नाही. म्हणून क्रम बदलायचा. बाटली उकळून झाली की स्टीलच्या भांड्यात उकळून थंड केलेल्या पाण्याने ती तीनदा विसळायची. पावडरचं दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, सांगितलेल्या गरम पाण्यातच कालवायचं, ते अंगाच्या तापमानाला येऊ द्यायचं, आणि मगच बाटलीत भरायचं. बाटलीत दूध परत गरम करायचं नाही, मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३ च्या मोजणीत मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटांत प्लास्टिकच्या डब्याच्या एका चौरस सेंटिमीटरमधून चाळीस लाखांवर सूक्ष्म आणि दोनशे कोटींवर नॅनो कण निघाले होते. काचेची बाटली किंवा वाटी-चमचा वापरता आला तर एवढा खटाटोपही नको.

खर्ऱ्याबद्दल बोलायला हवं, कारण ही आपल्या भागाचीच गोष्ट आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून पानठेल्यावर तो घोटतात. सुपारीचे कठीण, कोरदार तुकडे पातळ प्लास्टिकवर जोर लावून घासले जातात, ओल्या चुन्यासोबत, काही मिनिटं. प्लास्टिकचे कण तयार करायला यापेक्षा कार्यक्षम पद्धत मुद्दाम शोधूनही सापडायची नाही. मग ते मिश्रण गालात तासभर ठेवलं जातं, तेही चुन्याने सोललेल्या नाजूक त्वचेवर. तोंडाच्या कर्करोगाचं कारण तंबाखू आणि सुपारी हेच आहे, आणि खर्रा सोडायला तेवढं कारण पुरेसं आहे. पण ती पन्नी पुढे नालीत जाते, नालीतून नाग नदीत, आणि बरीचशी गायीच्या पोटात.

गाय हा या विषयातला असा प्राणी आहे, ज्याच्यात प्लास्टिक डोळ्यांनी दिसतं. गायीच्या पोटाचा पहिला कप्पा, कोठीपोट, हा दीडशे लिटरपर्यंतचा आंबवण्याचा हौद असतो. मिनिटाला एक-दोनदा तो घुसळला जातो. तिथून पुढे फक्त बारीक झालेलं खाद्य जाऊ शकतं. पन्नी बारीक होत नाही, म्हणून ती तिथेच राहते, वर्षानुवर्षं. आंबवणीच्या आम्लात, ३९ अंशांच्या उबेत ती मळली जाते, दोऱ्यांशी आणि चाऱ्याशी पिळली जाते, आणि कणाकणाने झिजते. जे मिलिमीटरच्या खाली येतं ते पुढे सरकतं: आतड्यात, शेणात, शेणखतातून वांग्याच्या वाफ्यात. २०२२ साली नेदरलँड्समध्ये तपासलेल्या गायी आणि डुकरांच्या प्रत्येक रक्त-नमुन्यात प्लास्टिक आढळलं होतं, आणि तिथल्या गोळी खाद्यातही.

पन्नीने भरलेल्या गायीची लक्षणं हळू येतात. खाणं कमी होतं, रवंथ कमी होतं, दूध आटतं, डाव्या कुशीत वरचेवर पोटफुगी येते, शेण थोडं, चिकट आणि दुर्गंधी असतं. डाव्या कुशीवर मूठ दाबली की भिजलेल्या कणकेसारखा खळगा पडतो आणि हळू भरतो. औषधाने पन्नी विरघळत नाही, तेल पाजून उपयोग होत नाही. डाव्या कुशीत छेद देऊन कोठीपोट उघडणं, म्हणजे रुमिनोटॉमी, हाच उपाय, आणि तो जनावर पूर्ण खंगण्याआधी करावा लागतो. गाय पन्नी का खाते, तर पन्नीला मीठ आणि स्वयंपाकाचा वास लागलेला असतो, आणि बऱ्याचदा खाद्यात फॉस्फरस कमी पडलेला असतो, त्याने जनावर वाटेल ते चघळतं. ज्यांच्याकडे गायी आहेत त्यांनी खनिज मिश्रण दिलं तर हे चघळणं बरंच आवरतं. सरकीच्या ढेपेचं पोतं सुरीने फाडू नये, शिवणीचा दोरा ओढून उघडावं. उन्हात राहिलेल्या पोत्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या हात लावताच तुटतात आणि सरळ गव्हाणीत पडतात. आणि शहरातल्या घरातून भाजीच्या साली, शिळी पोळी गाठ मारलेल्या पन्नीत कधीच बाहेर जाऊ नयेत. गाय गाठ सोडत नाही.

कुत्र्यांबाबतचा एक अभ्यास माणसांना आरसा दाखवतो. २०२४ साली न्यू मेक्सिकोमध्येच ४७ कुत्र्यांचे आणि २३ माणसांचे वृषण तपासले. सगळ्यांत प्लास्टिक होतं, माणसांत कुत्र्यांच्या जवळपास तिप्पट. ज्या कुत्र्यांत पीव्हीसी जास्त होतं, त्यांच्यात शुक्राणू कमी होते. पीव्हीसी मऊ करायला थॅलेट घालतात आणि थॅलेट नर-संप्रेरकांच्या आड येतात, हे उंदरांवर फार आधीपासून ठाऊक आहे. आपल्या घराशेजारी, आपलंच उरलंसुरलं खाऊन राहणारा हा प्राणी आपल्याच हवेत श्वास घेतो.

श्वासाचा उल्लेख एवढ्यासाठी की घरातल्या धुळीत कपडे, पडदे, गाद्या यांचे कृत्रिम धागे असतात आणि कोरडा झाडू फिरवला की ते तासभर हवेत राहतात. आधी ओला पोछा, मग झाडू. अमेरिकेत नायलॉनचे बारीक धागे कापणाऱ्या कारखान्यांतल्या कामगारांना १९९० च्या दशकात फुप्फुसांचा एक स्वतंत्र आजार जडल्याचं सिद्ध झालं आहे. तिथली मात्रा प्रचंड होती, आपल्या घरांची ती नाही. पण धागा फुप्फुसाला इजा करू शकतो हे त्या कामगारांनी आपल्या शरीरांवर दाखवून दिलं.

माझं मागणं एक आहे. या शहरात १९५८ पासून नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, आहे, पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठी सरकारी रुग्णालयं आहेत, आणि देशातल्या सगळ्यात कडक उन्हाळ्यांपैकी एक आहे. उष्णतेने प्लास्टिक किती झडतं हे मोजायला याहून योग्य जागा नाही. कोठीपोटाच्या शस्त्रक्रियेत निघालेलं प्लास्टिक फेकून न देता त्याचं वजन, प्रकार आणि झीज नोंदवावी, त्याच गायीचं रक्त, दूध आणि शेण काचेच्या बाटलीत घ्यावं. आणि छतावरच्या त्याच टाकीचं पाणी जानेवारीत एकदा आणि मेमध्ये एकदा, दुपारी तीनच्या सुमारास, शेजारी कोरा नमुना ठेवून तपासावं.